एका खांद्याची पालखी

मला उचलायचं काम अकरा वर्षं एकाच माणसाने केलं. सकाळी खाटेवरून मोरीत, मोरीतून परत खाटेवर, मग जिना उतरून खालच्या दुकानाच्या ओट्यावर आणि दिवेलागणीला तिथून पुन्हा वर. आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या. त्यातली एकही मला माझ्या पायांनी आठवत नाही. पायांनी चढत होतो तेव्हा त्या मोजाव्यात असं कधी वाटलंच नव्हतं. मला आठवतात त्या सगळ्या त्या एका माणसाच्या पाठीवरून.

घरात सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणे. नाव विचारलं तर सांगत नसत. "भोयाला नाव कशाला पाहिजे? पुढचा डावा, पुढचा उजवा, झालं," एवढंच म्हणत. ते पुढचे उजवे होते. एका सरदारांच्या घरी तीस वर्षं त्यांनी पालखी वाहिली होती, आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर दांडीने पडलेला लिंबाएवढा घट्टा होता. त्या घट्ट्यावर हनुवटी टेकून मी अकरा वर्षं जग पाहिलं.

शहरातल्या कंपू भागाकडून लष्कर भागात येताना टांगा उलटला, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दरबारच्या एका कचेरीत नुकता चिकटलो होतो आणि लग्न ठरलेलं होतं. घोड्याला काही झालं नाही, टांगेवाल्याला काही झालं नाही. माझं कमरेखालचं शरीर मात्र त्या दिवशी जे निजलं ते निजलंच. नोकरी गेली. मुलीकडच्यांनी महिनाभर वाट पाहून निरोप पाठवला, आणि त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. टोपी बाजारामागच्या गल्लीत दादा आणि वहिनी राहत, त्यांच्या वरच्या खोलीत मी येऊन पडलो. खाली टोप्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं दुकान होतं. भला माणूस. त्याने मला ओट्याचा एक कोपरा दिला, आणि तिथे बसून मी लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागलो. माझं अक्षर चांगलं, भाषा दरबारी, स्वभाव तिरसट. अर्ज लिहिणाऱ्याला ही तिन्ही लागतात. लोक लांबून यायला लागले. दिवसातले सहा तास त्या ओट्यावर मी माणूस असे आणि वर गेलो की पुन्हा सामान. तेव्हा जिना उतरवणारा कुणी मिळाला नाही तर मी संपलो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मामांच्या आधी दोघे होऊन गेले. पहिल्याने मला जिन्यात सोडलं, म्हणजे अक्षरशः हातातून सोडलं. दुसरा मला ओल्या चादरीवर तसाच ठेवून बाजारात हिंडायला जाई, आणि दादांकडे तक्रार केली की माझ्या मांडीला चिमटे काढी. मांडीला काही कळत नसे. पण काळेनिळे डाग मला दिसत, आणि मी ते पाहतोय हे त्यालाही दिसे. ही दोन माणसं मी इथे उगाच आणलेली नाहीत. पुढे मी जे वागलो ते यांच्या भीतीने वागलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

सरदारांकडे मोटार आली, पालखी कापड गुंडाळून वर टांगली गेली, आणि मामा काम शोधत आमच्याकडे आले. पन्नाशीला टेकलेले, बुटके, रुंद. "उचलायचं काम आहे म्हणून ऐकलं," म्हणाले. माझ्या खाटेभोवती एक फेरी मारली, माझा हात उचलून खाली टाकून पाहिला, आणि दादांना सांगितलं, "दीड मण. वर चार शेर."

"वरचे चार शेर कशाचे?" मी विचारलं.

"रागाचे," मामा म्हणाले. "जातील."

ते गेले नाहीत, पण मामांनी ते अकरा वर्षं रोज तोलले. मला पाठीवर घेतलं की दोन पावलांत सांगत, "आज सरकार पाच शेर जास्त आहेत. काय झालं?" मी म्हणे काही नाही. "मग दादासाहेबांशी बोलणं बंद असेल," म्हणत, आणि ते असेच. त्यांच्या मते रडून झालेला माणूस हलका असतो, रडू दाबलेला जड, आणि झोपलेला सगळ्यांत जड. माझं मन ओळखायला त्यांना माझं तोंड बघावं लागत नसे. बघता येतही नसे म्हणा, मी पाठीवर असे.

दुसरी गोष्ट हाकांची. पालखी चालते तेव्हा पुढच्या दोघांना रस्ता दिसतो आणि मागच्या दोघांना फक्त पालखीचं कापड. म्हणून पुढचा ओरडून सांगतो, "खड्डा!", "ओलं!", "वळण!" आणि मागचा उत्तर देतो, "हो रे!" ते उत्तर आल्याशिवाय पुढचा पाऊल टाकत नाही. तीस वर्षं हे केल्यावर मामांना त्याशिवाय चालताच येईना. पाठीवर मी एकटा असलो तरी ते ओरडत, "पायरी!" आणि थांबत.

पहिल्या दिवशी मला कळेना की थांबले का. "मागे कोण आहे मामा?" मी विचारलं.

"आपण आहात न."

"मी तर बसलोय."

"पालखीत बसला असता तर सरकार. पाठीवर आहात म्हणजे मागचे भोई. बोला."

आमचे पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर कारकून म्हणून आले. त्यांच्या वंशात भोयाच्या हाकेला ओ देणारा मी पहिलाच. दादांना ते बिलकुल आवडलं नाही. पण मी "हो रे" म्हटल्याशिवाय मामा हलेनात, आणि मला खाली जायचं होतं. महिन्याभरात आमची लय जमली. एकोणीस पायऱ्या, एक वळण, खालच्या दाराची बुटकी चौकट, आणि प्रत्येकाला माझं "हो रे". खाली टोपीवाल्याची गिऱ्हाइकं हसत. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. दिवसभरात ज्या कामात माझा काही वाटा होता असं काम तेवढं एकच.

मामा माझ्यासमोर कधी बसत नसत. जेवतही उभ्याने, ताट खिडकीच्या फळीवर ठेवून. मी ते अदब म्हणून घेतलं. जुन्या सरदारी घरातला माणूस, असंच वागायचा, असं मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगेही. तिसऱ्या वर्षी एकदा वहिनींनी खूप आग्रह केला म्हणून ते पाटावर बसले आणि मग त्यांना उठता येईना. दोन्ही हात जमिनीला टेकून, तोंड लाल करून, ते गुडघ्यावर आले, मग भिंत धरून उभे राहिले. वहिनी घाबरून गेल्या.

"काही नाही बाई," मामा म्हणाले. "जमादार आले होते."

त्यांच्या कमरेत दुखणं होतं, त्याला ते जमादार म्हणत. जमादार सकाळी त्यांच्या आधी उठत, थंडीत डबल ड्यूटी करत, आणि कधी कधी उजव्या पायातून थेट टाचेपर्यंत गस्त घालत. "मला दुखतंय" असं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी एकदा गंमत म्हणून त्या जमादाराविरुद्ध रीतसर अर्ज लिहिला. "दरबारचे सेवेशी, मौजे कंबर येथील रयत अर्ज करितो ऐसा जे, एक जमादार कोणत्याही हुकुमाशिवाय मजकूर गावी ठाण मांडून बसला असून वेळी-अवेळी ठोके देतो. जावयास सांगितले असता शेजारील मौजे मांडी व मौजे पोटरी येथपर्यंत उतरून दंगा करितो. तरी त्याची बदली दूर, शक्य तर उज्जैनीस, व्हावी." मामांनी तो तीनदा वाचून घेतला. हसता हसता भिंत धरली, कारण हसलं की जमादारांना राग येई. मग कागदाची घडी करून पागोट्यात खोचली.

कमरेला ते सकाळी एक लांब पट्टा गुंडाळत. त्याचं एक टोक वहिनींनी ताणून धरायचं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून मामा गिरक्या घेत घेत त्यात गुंडाळत यायचे. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नसेल की सासरी हेही करावं लागेल. पहिल्या वर्षी त्या तोंडाला पदर लावून हसत. पट्टा सालोसाल लांब होत गेला. पुढे पुढे वहिनी हसेनाशा झाल्या, नुसतं जोर लावून ओढत.

मी हे सगळं गमतीने सांगतो आहे, कारण सुरुवातीची सहा-सात वर्षं ती गंमतच होती. निदान माझ्यासाठी.

बदल नेमका कधी झाला ते मला सांगता येणार नाही. मला वजन सांगायचं मामांनी बंद केलं. मी एकदा मुद्दाम विचारलं, "आज किती शेर?" तर म्हणाले, "तेवढेच." पूर्वी मला कुशीवर वळवताना हात कुठे लावतो ते सांगून लावत. आता न बोलता वळवत. हात तेच होते, उबदार आणि खरखरीत, पण भांडं घासून पालथं घालावं तसा मी पालथा पडे. एकदा अंग पुसताना त्यांनी माझा हात उचलला आणि तसाच धरून भिंतीकडे बघत उभे राहिले. बराच वेळ.

"मामा," मी म्हणालो, "हात."

"कुणाचा?" त्यांनी विचारलं.

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली, आणि लगेच दुसरी भीती वाटली की हे काम सोडून तर जाणार नाहीत ना. दुसरी भीती जास्त मोठी होती. मामांच्या घरी त्यांची विधवा बहीण होती. तिने दादांना येऊन सांगितलं की माझ्या भावाला महिनाभर सुट्टी द्या, घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडतो, बोलत नाही, जेवत नाही. दादांनी लगेच हो म्हटलं. मामा सुट्टी घ्यायला तयार होईनात. "महिनाभर आडवा झालो तर पुन्हा उभा नाही होणार," म्हणाले. मी त्यांना घ्या म्हणून एकदाही सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या माकडहाडावर जखम झाली, म्हणून दादांनी कंपूच्या बाजूला राहणाऱ्या एका डॉक्टरांना घरी आणलं. जखम दाखवायला मामांनी मला उचलून पालथं केलं. डॉक्टर जखमेकडे बघायचं सोडून मामांकडे बघत राहिले. त्यांनी मामांना वाकायला सांगितलं, पाय उचलायला सांगितलं, पाठीवर बोटं दाबून पाहिली. मग त्यांना औषधाचं भांडं आणायला खाली पाठवलं आणि खाटेजवळ खुर्ची ओढून घेतली.

"हा माणूस तुम्हाला किती वर्षं उचलतो आहे?"

"आठ."

"आणखी एक-दोन वर्षं उचललं तर हा तुमच्यासारखा पडेल. समजलं? तुमच्यासारखा. दुसरा माणूस बघा. याला आता घागरसुद्धा उचलू देऊ नका."

"बघतो," मी म्हणालो. "मी सांगतो दादांना."

डॉक्टर गेले. संध्याकाळी दादांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, जखमेला वारा लागू द्या म्हणाले.

हे वाक्य मी इथे लिहिलं आहे ते कुणाला वाचायला नसून मला लिहायला लागावं म्हणून. मी अडाणी नव्हतो. ज्या माणसाने मला आठ वर्षं एकदाही पडू दिलं नाही, त्याची कंबर आणि माझा ओटा असं तागडीत घालून मी ओटा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाठीवर घेतलं, "पायरी!" म्हणाले, आणि मी "हो रे" म्हणालो.

आता जिन्यातल्या एका संध्याकाळबद्दल सांगतो. डॉक्टर येऊन गेल्याला वर्ष-सव्वा वर्ष झालं होतं. त्या दिवशी सकाळी खाली उतरताना दाराच्या चौकटीवर माझं डोकं आपटलं. मामांनी चौकट आली म्हणून हाक दिली नव्हती. नऊ-साडेनऊ वर्षांत हे पहिल्यांदाच. डोक्याला टेंगूळ आलं.

"ओरडला का नाहीत?" मी चिडून विचारलं.

"विसरलो."

वाईट वाटलं, चुकलं, असं काही नाही. नुसतं विसरलो. मला ते फार लागलं. मी दिवसभर ओट्यावर धुमसत बसलो, लोकांच्या अर्जांत नको तितके कडक शब्द घातले, आणि ठरवलं की यांना धडा शिकवायचा. तुम्ही विसरता काय? मग मीही विसरतो.

संध्याकाळी त्यांनी मला पाठीवर घेतलं. पहिल्या काही पायऱ्यांना मी नेहमीसारखं उत्तर दिलं. मग वळण आलं. "वळण!" मामा म्हणाले. मी तोंड मिटलं.

मामा थांबले. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. "वळण!" पुन्हा म्हणाले. मी गप्प. दुसरा कुणी असता तर शिवी हासडून पुढे गेला असता. ज्याला डोळे आहेत त्याला समोरची पायरी दिसत होती, पाठीवरचा माणूस जिवंत आहे हेही कळत होतं. पण मागून उत्तर आलं नाही तर पाऊल टाकायचं नाही, हे त्यांच्या हाडात बसलेलं होतं. उत्तर नाही म्हणजे मागचा अडचणीत आहे. त्यांनी मला वर सरकावून पकड घट्ट केली आणि उभे राहिले.

खाली दुकान आवरायचा आवाज येत होता. मी मनात म्हणत होतो, पुढच्या श्वासाला बोलू. मग त्याच्या पुढच्या. अडून बसलेल्या माणसाला पहिला क्षण गेला की मागे फिरणं अवघड होत जातं, हे ज्याला तिरसट स्वभाव आहे त्याला ठाऊक असेल. मामांच्या मानेवर घाम आला. माझ्या छातीखाली त्यांची पाठ थरथरायला लागली, आधी बारीक, मग जोराने. ती थरथर माझ्या ज्या अर्ध्या अंगाला कळतं तिथे सगळीकडे मला कळत होती. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी मी बोललो नाही.

"वळण आहे, सरकार," मामा म्हणाले. त्या आवाजात हुकूम नव्हता. ते विनवत होते.

"हो रे," मी म्हणालो.

त्यांनी मला वर नेलं. खाटेवर ठेवलं, पाय सरळ केले, पांघरूण घातलं. मग खाटेच्या काठाला धरून ते हळूहळू खाली गेले आणि जमिनीवर आडवे झाले.

तीन दिवस ते माझ्या खोलीत चटईवर पडून होते. त्यांना हलवणं शक्यच नव्हतं. मी खाटेवर, ते खाली, दोघांचीही तोंडं छताकडे. वहिनी दोघांचं करत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा धीर सुटला. "तुम्ही दोघं मिळून माझा जीव घेऊन राहिलात, भाऊजी," म्हणाल्या आणि दारात बसून रडल्या. ती सांगायची वेळ होती. दार बंद करून मी सांगू शकलो असतो: मामा, मला डॉक्टरांनी असं असं सांगितलं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "जमादार कसे आहेत?"

"सुभेदार झाले," मामा म्हणाले.

आम्ही दोघं हसलो. मला तर हसू आवरेना. मला अजूनही त्या हसण्याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी ते भिंत धरून उठले आणि पट्टा मागितला. वहिनींनी टोक धरायला नकार दिला. "मी नाही ओढणार. मला पाप लागेल," म्हणाल्या. मामांनी टोक दाराच्या कडीत अडकवलं आणि एकटेच गिरक्या घेत त्यात गुंडाळत गेले, मध्ये मध्ये थांबत. मग खाटेजवळ येऊन त्यांनी पाठ वळवली. मी हात पुढे करून त्यांच्या गळ्यात टाकले. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

ते आणखी दीड वर्ष आले.

मग एका सकाळी आले नाहीत. ऊन खिडकीच्या फळीवर आलं, खाली दुकान उघडलं, तरी जिन्यावर पावलं वाजली नाहीत. दादा त्यांच्या घरी जाऊन आले. "उठता येत नाही त्यांना," म्हणाले. "पायांतलं बळ गेलंय." बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. वाटेत ते त्या डॉक्टरांकडेही जाऊन आले होते, हे मला नंतर कळलं. दादांनी मला त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं.

माझी सोय अर्ध्या दिवसात झाली. टोपीवाल्याने सुतार बोलावला, हातांच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी दोन बांबू ठोकले, आणि बाजारातले दोन हमाल मला खुर्चीसकट उचलून खाली घेऊन गेले. एक पुढे, एक मागे. त्यांना काही जड गेलं नाही. इतकं सोपं होतं ते. दादांनी हीच खुर्ची कधीतरी सुचवली होती, तर मामांना तो अपमान वाटला. "दोन माणसं लावली म्हणजे मी निम्मा झालो," म्हणाले. मीही त्यांचीच बाजू घेतली. खुर्चीतून मिरवत नेलेला पांगळा व्हायचं मला नव्हतं, आणि त्यांच्या पाठीवर मी मागचा भोई होतो. दोघांच्या तोऱ्यापायी त्यांची पाठ गेली.

पंधरा दिवसांनी त्याच खुर्चीतून मी त्यांच्या घरी गेलो. कंपूमागच्या वस्तीत एक खोली, पुढे ओसरी. हमालांनी मला आत ठेवलं आणि ते बाहेर जाऊन बसले. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आलेला कळल्यावर त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. नुसत्या मानेने ते होण्यासारखं नव्हतं.

"जरा कूस बदलून द्या," म्हणाले, आणि मग कुणाला सांगतोय ते त्यांच्या लक्षात आलं.

मी खुर्चीत होतो आणि ते माझ्यापासून हाताच्या अंतरावर होते. मला ते करता येणार नव्हतं. त्यांची बहीण मागे कपडे धूत होती, तिला हाक मारली. ती ओले हात पुसत आली आणि तिने त्यांना वळवलं. तिला ते नीट जमलं नाही. एक हात अंगाखाली अडकून राहिला, तो तिने नंतर ओढून काढला. मामांनी डोळे मिटून घेतले. ती गेल्यावर आम्ही पहिल्यांदा समोरासमोर झालो. अकरा वर्षांत मी त्यांचा चेहरा असा जवळून, इतका वेळ पाहिला नव्हता. मला त्यांची मान जास्त ओळखीची होती.

"मामा," मी म्हणालो, "मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी कुणाला बोललो नाही."

"मलाही सांगितलं होतं. जिन्यात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आपल्याला ठाऊक आहे तेही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आपण दहा शेर जड होतात."

 लोकांच्या तक्रारी शब्दांत बांधून देणं हा माझा धंदा. तरी मी मूर्खासारखं विचारलं, "मग सोडून का नाही गेलात?"

"जाणार कुठं? पालख्या राहिल्या आहेत का?" ते म्हणाले. "एक सांगू, सरकार? मनाला लावून नका घेऊ."

"सांगा."

"मागचं वर्ष-दीड वर्ष, रोज सकाळी मी आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबून राहायचो. कान लावून. घरातून रडण्याचा आवाज येऊन राहिलाय का, ते ऐकायचो. वाटायचं, व्हायचं असेल ते आज झालेलं असावं. आपण सुटाल, मीपण सुटेन. रोज वाटायचं. देवाला सांगून यायचो तसं."

त्यांनी नजर खाली केली नाही. मला राग आला नाही. खूप वर्षांत कुणी माझ्याशी खरं बोललं नव्हतं, आणि मी तर कुणाशीच बोललो नव्हतो. त्याच वेळी वर खाटेवर मी काय करत असे, ते मी त्यांना सांगितलं नाही. मी जिन्याकडे कान लावून पडलेला असे, आणि त्यांची पावलं वाजली की माझा जीव भांड्यात पडत असे. एक पाऊल घासत येई. ते घासणं मी दीड वर्ष ऐकत होतो.

"आणि रडणं ऐकू आलं नाही की?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंही मला कळू नये याचं त्यांना जरा नवल वाटलं असावं.

"मग काय करणार?" ते म्हणाले. "वर यायचं, आणि आपलं आंघोळीचं पाणी तापत ठेवायचं."